आधी विमान ठरवा

घरी विमान बांधणाऱ्या माणसाला पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकणे, पत्रा वाकवणे, इंजिन बसवणे ही कामे जड जात असतील, अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात ही कामे फार पुढची आहेत आणि तिथवर पोचलेल्या माणसाचा मला हेवा वाटतो, कारण त्याने कोणते विमान बांधायचे हे तरी ठरवलेले असते. मी अजून त्याच्या अलीकडच्या पायरीवर आहे. ही पायरी इतकी ऐसपैस आहे की तिच्यावर माणूस वर्षानुवर्षे मुक्काम करू शकतो, माहितीपत्रकांचे गठ्ठे रचू शकतो, आणि या सबंध काळात एकही स्क्रू न पिळता स्वतःला विमानबांधणीत गुंतलेला समजू शकतो.

या क्षेत्रातले जाणते लोक नवख्याला पहिला सल्ला देतात तो असा, की तुमच्या शंभरांतल्या नव्वद फेऱ्या कशा असतील ते आधी प्रामाणिकपणे कागदावर लिहा आणि त्या नव्वदांसाठी विमान निवडा. उरलेल्या दहांसाठी भाड्याचे विमान घ्या. सल्ला उत्तम आहे, पण त्यातला ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द फार महागात पडतो. प्रामाणिकपणे लिहायला बसलो तर माझ्या नव्वद फेऱ्या म्हणजे स्वच्छ हवेच्या सकाळी एकट्याने तासभर घिरट्या घालून चहाला परत येणे एवढ्याच. पण माणूस स्वप्ने पाहतो ती उरलेल्या दहांची. त्यात चार आसने असतात, मागे सामान असते, खाली पर्वतरांगा असतात आणि शेजारी बसलेली व्यक्ती माझ्या कौशल्यावर खूष असते. त्यामुळे कागदावर नोंद घिरट्यांची झाली आणि पुढच्याच क्षणी मी चार आसनी विमानाचे माहितीपत्रक उघडले.

घिरट्यांशी इमान राखायचे तर फ्रान्सच्या मिशेल कोलोंबां यांचे ‘क्री-क्री’ माझ्यासाठीच बनले असावे. 1973 साली प्रथम उडालेल्या या विमानाला इंजिने दोन आहेत, पंखांचा पसारा जेमतेम 4.9 मीटर आहे आणि रिकाम्या विमानाचे वजन अवघे 78 किलो आहे. वैमानिकापेक्षा विमान हलके असण्याचा हा प्रकार मला प्रथम गमतीचा वाटला; मग वजनकाट्यावर उभा राहिलो आणि गंमत संपली. या विमानात माणूस बसत नाही, माणूस ते विमान अंगात घालतो, आणि माझे माप त्यांच्याकडे असेलसे वाटत नाही.

खरी निवड मात्र आसनांची नसते, वेगाचीही नसते. माहितीपत्रकात विमान उडताना दाखवतात, पण घरी येते ते खोक्यात, आणि त्या खोक्यासोबत साधारण दीड-दोन हजार तासांचे काम येते. रोज नेमाने दोन तास द्यायचे म्हटले तरी दोन-तीन वर्षे गेली. आणि रोज नेमाने काही करणारा माणूस मी आरशात तरी पाहिलेला नाही. तेव्हा विमान निवडणे म्हणजे कोणत्या प्रकारचा कंटाळा आपल्याला सर्वांत जास्त काळ सोसवेल हे ठरवणे होय. वेग, उंची, इंधनाची टाकी हे सगळे नंतरचे.

ॲल्युमिनियमचा कंटाळा घ्या. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आरव्ही मालिकेतली विमाने बहुतांशी या पंथातली असून, अकरा हजारांहून अधिक लोकांनी ती बांधून उडवलेली आहेत, ही आकडेवारी मनाला मोठा धीर देते. पण तिचा दुसरा अर्थ असा, की अकरा हजारांहून अधिक लोकांनी हे पुढचे सगळे केलेले आहे. पत्र्याचे दोन तुकडे क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खिळ्यांनी तात्पुरते जोडायचे. भोके जुळवून पक्क्या मापाची करायची. मग ते सगळे पुन्हा सुटे करायचे, प्रत्येक भोकाची कड खरवडून गुळगुळीत करायची, रिव्हेटचे डोके पत्र्याशी सपाट बसावे म्हणून प्रत्येक भोकाला वाटीसारखा खळगा पाडायचा, गंज चढू नये म्हणून प्रायमर मारायचा, पुन्हा तेच क्लेको लावून तेच तुकडे जोडायचे, आणि मग कुठे एकाने बाहेरून रिव्हेटगनने हाणायचे व दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा दाबून धरायचा. हे एका भोकाचे झाले. भोके दहा हजारांच्या वर असतात.

ज्यांना दुसरा माणूस मिळत नाही, किंवा मिळालेला टिकत नाही, त्यांच्यासाठी एका बाजूनेच ओढून बसवायचे रिव्हेट आहेत. ख्रिस हाइन्ट्झ यांचे झेनिथ सीएच 701 अशाच रिव्हेटांनी बांधतात. त्या रिव्हेटांची डोकी पत्र्यावर उठून दिसतात आणि हवेला थोडा अडथळा करतात, पण ताशी 130 किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या विमानाला त्याचे विशेष सुखदुःख नसते. हे विमान ताशी 50 किलोमीटरच्या आतही हवेत तरंगते आणि छोट्याशा मैदानावर उतरते. समोरून जोराचा वारा असला तर खालच्या रस्त्यावरचा मालट्रक पुढे निघून जातो, हे मात्र मनाची तयारी करून स्वीकारावे लागते. मी ती तयारी जवळजवळ पूर्ण केली होती; तेवढ्यात ताशी 300 किलोमीटर ओलांडणाऱ्या आरव्ही-7 चे छायाचित्र समोर आले आणि सगळे मुसळ केरात गेले.

लाकूड आणि कापड हा सात्त्विक माणसांचा कंटाळा. लाकडाला वास चांगला येतो, आवाज होत नाही, आणि शेजाऱ्यांना तुम्ही खुर्ची करता आहात असे वाटते. सांगाड्यावर पॉलिएस्टरचे कापड चिकटवून ते चक्क इस्त्रीने तापवून ताणतात. घरातल्या इस्त्रीवर इतके दिवस झालेल्या अन्यायाचे परिमार्जन होईल असा हा एकमेव उद्योग असावा. पुढे ते कापड पंखाच्या फासळ्यांशी दोऱ्याने शिवायचे आणि ठरावीक अंतरावर ठरावीक गाठ मारायची. गाठ चुकली तर उसवता येते, पण हे काम उसवण्याच्या भरवशावर करू नये, कारण तपासणी शेवटी हवाच करते. या पंथाचे आद्य दैवत बर्नार्ड पीटनपोल यांचे ‘एअर कॅम्पर’. त्यांनी त्यावर फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचे इंजिन बसवले आणि त्या इंजिनाचा रेडिएटर वैमानिकाच्या नजरेसमोर उभा केला. म्हणजे पुढे काय आहे हे दिसत नाही. पण पाणी उकळले तर ते सर्वांत आधी आपल्याला कळते.

तिसरा कंटाळा फायबरग्लासचा. बर्ट रुटान यांच्या ‘लाँग-ईझी’वर मी कित्येक आठवडे लुब्ध होतो. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने कापून त्यांवर काचेचे कापड आणि इपॉक्सी चढवायचे, की पंख तयार, नंतर घासकाम. हे ‘नंतर घासकाम’ आराखड्यात दोन शब्दांत येते आणि आयुष्यात दोन हिवाळे घेते. शिवाय काहींना इपॉक्सीची ॲलर्जी होते, आणि ती आपल्याला आहे हे बहुधा अर्धे विमान झाल्यावर कळते. छोटा पंख पुढे, इंजिन मागे असे ते उलटे रूप मला फार मोहवून गेले. उभे असताना ते पुढचे चाक मिटून नाक जमिनीला टेकवून बसते, कारण वैमानिक आत नसला तर ते मागे कलंडण्याचा संभव असतो. एवढे विनयशील यंत्र मी दुसरे पाहिलेले नाही. सुरुवातीच्या काहींच्या पुढच्या पंखाची उचल पावसात कमी व्हायची, आणि तो पंखच पुढे नव्या आकाराचा करावा लागला. हेही मी चालवून घेतले असते. पण रुटान यांच्या कंपनीने आराखडे विकणे 1985 सालीच थांबवले होते, हे मला फोमचे भाव विचारून झाल्यावर समजले.

कालबाह्य विमानांवर जीव जडण्याची ही खोड जुनीच. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांच्या इवल्या विमानाने 1930 च्या दशकात अवघ्या युरोपातल्या सुतारकाम येणाऱ्यांना वेड लावले, शेकडो जणांनी ते घरी बांधले, आणि मग अपघात होऊ लागले. वातबोगद्यात तपासल्यावर दिसले की एका मर्यादेपलीकडे नाक खाली गेले, तर ते वर आणणे वैमानिकाच्या हातात राहत नाही. त्यानंतर चाळीस वर्षांनी जिम बीडी यांच्या देखण्या ‘बीडी-5’साठी हजारो लोकांनी पैसे भरले, त्यांना सुटे भाग मिळाले, पण इंजिन पुरवणारी कंपनीच बुडाल्याने पुष्कळांना इंजिन मिळाले नाही. इंजिनाशिवायचे ते विमान घरात अत्यंत सुरक्षित होते, एवढे त्याच्या बाजूने बोलता येईल.

कोणी म्हणेल, एवढा व्याप कशाला, अर्धे तयार विमान मिळते ते घ्यावे. मिळते, पण अमेरिकी नियमाप्रमाणे घरगुती विमान ठरण्यासाठी त्याचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधलेला असावा लागतो, आणि कोणते काम कोणी केले याचा तक्ता असतो. रंग देणे, आसनांना गाद्या बसवणे ही कामे या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे ज्या दोन कामांत मला गती आहे, नेमकी तीच बाद. विमान पूर्ण झाल्यावरही ते सहसा नेमून दिलेल्या भागातच 25 किंवा 40 तास उडवून दाखवावे लागते. प्रमाणित इंजिन व पंखा यांची जोडी असली तर 25, नाहीतर 40. यावरून रोटॅक्स आणि लायकॉमिंग या इंजिनांचे भक्त जे वाद घालतात, त्यांत मी पडत नाही. रोटॅक्स हलके असते आणि फार वेगाने फिरते, लायकॉमिंग जड असते आणि सावकाश फिरते, एवढे म्हणून मी खोलीबाहेर पडतो.

ज्यांनी विमाने बांधली आहेत त्यांना विचारावे, तर प्रत्येकाचे उत्तर त्याने बांधलेले विमान हेच असते. यात लबाडी नाही. दोन हजार तास एका वस्तूवर घालवलेला माणूस तिच्यापेक्षा दुसरी चांगली आहे असे मान्य करील, ही अपेक्षाच अमानुष आहे.

शेवटी कोंडी फोडली ती सौभाग्यवतींनी. सरावासाठी म्हणून काही कंपन्या पत्र्याची एक छोटी पेटी बनवण्याचा संच विकतात. तो मी आणला होता आणि आतून ठोकळा धरायला त्यांना विनंती केली होती. रिव्हेट सपाट बसले. मी गन खाली ठेवली तरी त्यांनी ठोकळा सोडला नाही.

“अहो, तो दुसरा केव्हा ठोकणार?” त्यांनी विचारले. आणि पेटी पुरी झाल्यावर म्हणाल्या, “एक सांगून ठेवते. दोन वर्षे ठोकळा मी धरायचा आणि मग तुमच्या पाठीमागे बसून तुमची मान बघायची, असले विमान मला चालणार नाही.”

एका वाक्यात मागेपुढे आसनांची सगळी विमाने रद्द झाली: आरव्ही-4 गेले, आरव्ही-8 गेले, लाँग-ईझीचा उरलासुरला मोह गेला, एअर कॅम्परही गेले. पत्र्याचा कंटाळा त्यांना सोसवतो हे सिद्धच होते. उरले आरव्ही-7. मी मागणीपत्र भरायला घेतले आणि पहिल्याच रकान्यात अडलो, कारण या विमानाचे एक चाक शेपटीखाली घ्यायचे की नाकाखाली, हे ठरवायचे होते. त्याखाली दुसरा रकाना होता: वरचे काचेचे झाकण पुढे उचलले जाणारे हवे की मागे सरकणारे?

विचारण्यासाठी मी मागे वळलो, तर त्या पानावर बोट ठेवून उभ्याच होत्या. “शेपटीचा संच दोन्हींना एकच आहे, इथे लिहिले आहे,” त्या म्हणाल्या. “शेपूट मागवा.”