'९१ टक्के अचूक' म्हणे!

फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज भाचा लॉ कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये टाकायला निघालाय म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिला असता. दावा असा: 'कोणता कैदी सुटल्यावर हिंसा करणार हे रिस्क टूल ९१ टक्के अचूक सांगतं, मेटा-ॲनालिसिसने सिद्ध झालंय, निःपक्ष सायन्स आहे, मग जामीन-पॅरोल स्कोअर बघूनच द्या.' (रिस्क टूल म्हणजे माणसाची माहिती घेऊन तो पुढे हिंसा करण्याचा धोका किती, याचा स्कोअर देणारी पद्धत; मेटा-ॲनालिसिस म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष.)

अहो, तो ९१ चा आकडा कशाचा आहे ते तरी बघा! २०१२ मध्ये संशोधक सीना फझेल आणि सहकाऱ्यांचं मेटा-ॲनालिसिस बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलं, ७३ सॅम्पल्स, २४,८२७ माणसं. त्यात ९१ टक्के आहे, पण ज्यांना टूलने 'कमी धोका' म्हटलं त्यांच्यापैकी हिंसा *न* करणाऱ्यांचं प्रमाण म्हणून. 'मध्यम किंवा जास्त धोका' शिक्का बसलेल्यांपैकी खरोखर हिंसा केली ती ४१ टक्क्यांनी. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांवर शिक्का उगाचच, आणि मेसेजवाले त्यांनाच आत ठेवा म्हणतायत.

बरं, हे ४१ पण सगळीकडे टिकत नाही. त्याच पेपरचे आकडे घ्या: हिंसा करणाऱ्यांपैकी ९२ टक्के टूल पकडतं, न करणाऱ्यांपैकी फक्त ३६ टक्क्यांना मोकळं सोडतं. आता समजा १००० कैद्यांत ५० जणच पुढे हिंसा करणार आहेत. टूल त्यातले ४६ पकडेल, ठीक, पण उरलेल्या ९५० मधल्या ६०८ जणांवरही शिक्का मारेल. ६५४ शिक्के, बरोबर ४६, म्हणजे ७ टक्के. टूल तेच, फक्त गुन्ह्याचं मूळ प्रमाण कमी, की झालं!

कमी धोक्याची माणसं वेगळी काढायला टूल कामाचं आहे, एवढं मान्य करावं लागेल. पण फक्त स्कोअरवर कोठडी, शिक्षा किंवा सुटका ठरवायला पुरावा पुरत नाही, हे त्याच पेपरच्या निष्कर्षात लिहिलंय, तेवढं वाचायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

आणि निःपक्ष म्हणाल तर २०१३ मध्ये सिंग, ग्रान आणि फझेल यांनी हेच तपासलं, टूल बनवणारेच अभ्यासाचे लेखक असले की निकाल इतरांच्या साधारण दुप्पट चांगले येतात. मेटा-ॲनालिसिसमध्ये असे अभ्यास भरले की सरासरीही फुगणारच ना? आणि हितसंबंध आहेत हे टूल बनवणाऱ्या त्या लेखकांपैकी एकानेही आपल्या पेपरात जाहीर केलेलं नव्हतं.