विसर्ग राहिला

मुंजीपासूनचे सगळे फोटो स्कॅन केले आणि त्यांची झिप बांधली. भरली १४ जीबी. बाणेरला भाच्याकडे पोचवायची होती. पेनड्राइव्ह खिशात टाकून नारायण पेठेतून निघणार, तोच त्याचा फोन आला, "मामा, विद्यापीठ चौकात कशाला अडकतोस? एससीपी कर."

एससीपी म्हणजे काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची: काय पाठवायचं, कुणाकडे. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. ओळ लिहिली, एंटर मारलं. काही क्षणांत काम फत्ते! पासवर्डसुद्धा विचारला नाही. काय ती प्रगती!

"पोचले?"

"नाही रे मामा."

तीनदा पाठवले, तीनदा नाही. शेवटी उलगडा झाला. पत्त्यापुढे कोलन द्यायचा राहिला होता. व्याकरणात त्याला अपूर्णविराम म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण दिसतो विसर्गच. तो नसेल, तर एससीपी पत्त्यालाच फाइलचं नाव समजतं. माझ्याच फोल्डरमध्ये भाच्याचं नाव, अॅट आणि आयपीचे आकडे अशा नावाची १४ जीबीची धिप्पाड प्रत बसली होती. आणि यंत्र अवाक्षर बोललं नव्हतं. दुःखातला विसर्ग विसरलो की आमचे मास्तर निदान कान तरी पिळायचे.

विसर्ग दिल्यावर मात्र चौकशी सुरू झाली. पलीकडच्या कॉम्प्युटरची ओळख पटत नाही, पुढे जायचं का? मी 'वाय' दाबलं. 'यस' पूर्ण लिहा, म्हणे! मग पासवर्ड. टाइप करताना पडद्यावर ठिपकाही उमटेना. मला वाटलं कीबोर्ड गेला. तीनदा चुकलो, पुन्हा पहिल्यापासून.

भाचा म्हणाला, हे सगळं सुरक्षेसाठी. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, म्हणून तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, म्हणजे दोन कॉम्प्युटरांमधलं बोलणं कुलूपबंद ठेवणारा प्रोग्राम. एससीपी त्याच्याच बंदिस्त नळीतून जातं. माझ्या मुंजीतल्या गोट्याचा फोटो वाटेत कोण चोरणार होतं, देव जाणे.

अखेर टक्के सरकू लागले. ४०, ६०, ८७... आणि वीज गेली. वार गुरुवार, आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज घालवण्याचा, हे लक्षातच नव्हतं.

मोबाइलवरून भाच्याला विचारलं, "आता ८७च्या पुढे चालू होईल ना?"

"एससीपीला ते जमत नाही मामा. पहिल्यापासून करावं लागेल. त्यासाठी आरसिंक वापरायचं असतं."

"त्याला विसर्ग लागतो?"

"लागतो."