बँडसॉ ३४ इंचांवर ठेवा म्हणे!

हौशी सुतारकाम करणाऱ्यांत एक सल्ला हातोहात फिरतोय. छोट्या वर्कशॉपात सगळ्या मशीनची टेबलं एका पातळीत, ३४ इंचांवर घ्या, बँडसॉसुद्धा (दोन चाकांवर पट्ट्यासारखं ब्लेड फिरवून लाकूड कापणारी उभी मशीन). म्हणजे एका मशीनचा दुसरीला आधार मिळतो आणि कंबर दुखत नाही. कंपनीच्या स्टँडला हात लावू नका, उंची वाढवली की मशीन थरथरते. आणि टेबल उंच वाटलंच तर पायाखाली पाट घ्या.

मी हे महिनाभर करून पाहिलं. मान धरली.

आधी ते ३४ कुठून आले ते बघू. ही उंची टेबल सॉची, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर आलेल्या करवतीची. तिथे आठ बाय चारची प्लायची शीट ढकलायची असते, ती पलीकडे गेल्यावर टेकायला काहीतरी लागतं, म्हणून शेजारचा बेंच त्याच पातळीत घेतात. बरोबरच आहे ते. पण १४ इंची (म्हणजे चाक तेवढं) बँडसॉवर ब्लेड आणि मागचा खांब यांच्यामध्ये जागा असते जेमतेम साडेतेरा इंच. तिथे शीट चिरायला कोण जातो? तिथे गोलाई काढायची, पाय कोरायचे, खुंट्या कापायच्या, नाहीतर फळी उभी धरून पातळ चिरायची. लांब फळीला आधार लागतोच, पण त्यासाठी एक रोलर स्टँड पुरतो. त्याची उंची पाहिजे तशी वर-खाली होते.

आता मानेचं. बँडसॉवर हात जेवढं काम करतात तेवढंच डोळे करतात. माझी उंची ५ फूट ५ इंच, डोळे जमिनीपासून साधारण ६० इंचांवर. टेबल ३४ वर आलं की डोळा आणि कापायची रेघ यांच्यात २६ इंच उरतात. एवढ्या अंतरावरून पेन्सिलची बारीक रेघ नीट दिसत नाही, माणूस वाकतो.

बरं, वाकलं तरी दिसत नाही. वरचं गाईड (ब्लेडला आधार देणारं) आणि गार्ड (ब्लेड झाकणारं) लाकडाच्या जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच वर आणून ठेवायचं असतं. तसं ठेवलं की वरून बघणाऱ्याच्या नजरेआड नेमकी कापायची जागा येते. मग काय होतं? गार्ड चार बोटं वर सरकतं. 'जरा दिसावं म्हणून.' ब्लेड तेवढं उघडं पडतं, आधार सुटल्यामुळे वळणावर वाकडंही जातं. टेबल उंच असेल तर नजर समोरून, तिरपी जाते आणि गार्ड खाली ठेवूनही रेघ दिसते. म्हणून मला हा प्रश्न कंबरेच्या आरामापेक्षा बोटांचा जास्त वाटतो.

तर मग किती? कोपर ही चांगली खूण आहे. साडेपाच फुटी माणसाचं कोपर साधारण साडेतीन फुटांवर येतं. नाजूक, बघून करायचं काम कोपराच्या दोन इंच वर सोयीचं. जोर लावायचं काम कोपराच्या बरंच खाली. म्हणजे बँडसॉलासुद्धा एकच उंची नाही. सहा बाय सहाचा, चार फुटी सागवानाचा तुकडा अठरा-एकोणीस किलो भरतो. तो त्या उंचीवर, म्हणजे माझ्या बाबतीत ४३ इंचांवर, उचलून ठेवणं आणि सरळ ढकलणं दहा वेळा केलंत तर खांदे भरून येतील. ज्याचं मुख्य काम चिरण्याचं आहे त्याने चार-पाच इंच खाली यावं. त्याला ३४ कदाचित फार खटकणार नाही, हेही कबूल करतो.

कंपनीच्या उंचीला हात लावू नका, हा तर आपल्याच सल्ल्यावर उलटणारा मुद्दा. १४ इंची उभ्या मशीनचं टेबल कंपनीच्याच स्टँडवर बहुधा ३७ ते ४४ इंचांच्या दरम्यान असतं. ते ३४ वर आणायला काय, स्टँडचे पाय कापायचे? थरथर बहुतेक वेळा चाकाचा झिजलेला रबर, ब्लेडचा खडबडीत सांधा किंवा ढिले बोल्ट यांमुळे येते. उंच आणि लेचापेचा स्टँड ती वाढवतो, एवढं खरं. मग फॅब्रिकेशनवाल्याकडून पाय खाली फाकवून घ्या, खालच्या फळीवर दोन-चार पेव्हर ब्लॉक ठेवा. फक्त वर पोटमाळा असेल तर आधी बघा, वरचं झाकण उघडतंय का आणि ब्लेड ताणायच्या नॉबपर्यंत हात जातोय का. (राइझर ब्लॉक लावून टेबल उंच होतं असं समजणारेही भेटतात. तो ठोकळा टेबलाच्या वर, खांबात बसतो. कापायची जाडी वाढते, ब्लेड साडेत्र्याण्णवऐवजी १०५ इंची लागतं, टेबल जिथल्या तिथे.)

पाटाबद्दल एकच. भुसा आणि तुकडे पसरलेल्या जमिनीवर, चालू ब्लेडसमोर, नजर रेघेवर असताना पाय पाटावरून घसरला की हात सगळ्यात आधी टेबलावरच पडतो.

माझा १० इंची बेंचटॉप (टेबलावर ठेवायचा छोटा बँडसॉ) आता जुन्या डायनिंग टेबलावर परत गेलाय. टेबल ३० इंच, त्यावर मशीनचं टेबल १३, म्हणजे ४३. तुमचा आकडा काढायला मशीन हलवायची गरज नाही. बेंचवर विटा रचा, वर प्लायचा तुकडा ठेवा, त्यावर वळणाची रेघ काढा आणि दोन्ही हातांनी एक फळकूट त्या रेघेवरून दहा मिनिटं फिरवा. बूट घालून. खांदे वर चढले तर एक वीट काढा.