लिनक्सचा डेस्कटॉप उठेना? आधी फॉरमॅट मारा, बाकीचं नंतर

काल रात्रीपर्यंत लिनक्सवर (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) गुमान चालणारं मशीन सकाळी काळी स्क्रीन दाखवतंय, वर डाव्या कोपऱ्यात एक बारकी रेघ लुकलुकतीय, बाकी सगळा अंधार. तर भावा, पहिलं काम म्हणजे पॉवरचं बटण दाबून धरायचं. बंद झालं की परत चालू, परत तीच रेघ, परत बंद. कधीतरी मशीनलाच लाज वाटंल आणि ते उठंल, ह्या श्रद्धेनं करत राहायचं. फक्त कंट्रोल, आल्ट आणि एफ थ्री एकदम दाबायचं नाही हं. दाबलंस तर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन मागणारी साधी स्क्रीन येते आणि कळतं की लिनक्स मघापासनं जित्तंच आहे, नुसतं वरचं चित्र उभं राहिना झालंय. मग बोंबलायला कारण काय उरलं?

आता फोन लावायचा. कोल्हापूरच्या राजारामपुरीत असा एक मित्र प्रत्येकाचा असतोच, कॉम्प्युटर शिकला हाच त्याचा गुन्हा.

"लिनक्स गेलं रे माझं."
"एरर काय आलीय?"
"काय तर इंग्लिशमधी आलतं, गेलं पटकन."

ह्याच्यावर एक शब्द जास्त सांगायचा नाही. तो फोटो मागंल, मग हललेला पाठवायचा, स्क्रीनपेक्षा ट्यूबलाईट मोठी दिसली पाहिजे त्यात. काल अपडेट मारलेलं त्यानं विचारल्याशिवाय काढायचं नाही, विचारलं तरी "मी काय केलंच न्हाई" म्हणायचं.

खरं तर बऱ्याच वेळा घोळ त्या अपडेटातच असतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नवीन आला की एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, त्या कर्नलसाठी नव्यानं बांधावं लागतं, ते काम डीकेएमएस नावाचं प्रोग्राम गपचूप करतं, पण त्या कर्नलच्या हेडर्स फाईलीच नसतील तर त्यानं काय करावं. आणि बांधून झालं तरी सिक्युअर बूट (मशीन उठताना डिजिटल सह्या तपासणारी सोय) चालू असलं तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. मशीन उठताना काय चालू करायचं ते विचारणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल बहुतेक वेळा तसाच पडलेला असतो, त्यावरनं मशीन उठायची चांगली शक्यता असते, म्हणूनच तो मेन्यू उघडायचा नाही. त्यापेक्षा कंपनीला शिव्या घाल. लिनक्सचा बाप लिनस टॉरव्हाल्ड्सनं २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात भर कार्यक्रमात एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं, आपण कोल्हापूरचं असून त्याच्या मागं राहायचं व्हय?

मित्र म्हणंल, ग्रबमध्ये ई दाब आणि लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द टाक. हे मात्र ऐकायचं. त्यानं तात्पुरतं चित्र येतं, तेवढ्यात ड्रायव्हर नीट करायचा असतो, पण आपण ते कायमचं टाकून ठेवायचं आणि मग वर्षभर मिसळ खाताना सगळ्यांना सांगायचं की लिनक्सवर ग्राफिक्स लई भिकार दिसतंय.

दुसरा प्रकार ह्याहून गोड. पासवर्ड बरोबर टाकला, स्क्रीन एकदा काळी झाली, आता डेस्कटॉप येणार म्हणून तू खुर्ची पुढं ओढलीस, आणि पुढ्यात परत पासवर्डचीच चौकट. लगेच कीबोर्डवर संशय घ्यायचा, उलटा करून झाडायचा. डीएफ ही कमांड चालवून डिस्क शंभर टक्के भरलीय का ते अजिबात बघायचं नाही, डाऊनलोड्समधी पिक्चर ठेवायचे आपण आणि सेशनला फाईल लिहायला जागा नाही हा दोष लिनक्सचा. डिस्क मोकळी निघाली तर मागं कधीतरी जोशात सुडो लावून (म्हणजे मशीनच्या मालकाच्या, रूटच्या हक्कानं) डेस्कटॉप उठवणारी स्टार्टएक्स कमांड चालवली असशील, त्यानं तुझ्या होम फोल्डरातली डॉट एक्सऑथॉरिटी फाईल रूटच्या नावावर करून ठेवलेली असते. एका चाऊन कमांडनं ती परत आपल्या नावावर होते, पण एवढ्या सोप्या गोष्टीला हात लावणं आपल्याला शोभत नाही.

लॉग, म्हणजे मशीननं लिहून ठेवलेल्या नोंदी, वाचणं तर लांबच. गंगावेशीत म्हैस धारेला उभी राहिना झाली तर मालक आधी तिला काय होतंय बघतो, थेट बाजारात जाऊन दुसरी आणत नाही; पण तो अडाणी, आपण इंजिनिअर. त्यामुळं त्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल कमांडला मागच्या बूटचं काय झालं विचारायचं नाही, स्क्रीनवर चित्र उभं करणाऱ्या एक्सऑर्गच्या लॉगमधी डबल ई लिहिलेल्या, म्हणजे एररच्या, ओळी शोधायच्या नाहीत. त्याऐवजी कुणाच्या तरी जुन्या मशीनची एक्सऑर्ग डॉट कॉन्फ ही सेटिंगची फाईल आणून चिकटवायची. एक्सऑर्ग हल्ली कार्ड आणि स्क्रीन स्वतःच ओळखतं, पण फाईल दिसली की बिचारं ती पाळतं, आणि त्यात दुसऱ्याच कार्डाचं नाव असलं की मग नाद खुळा! तुझ्याकडं एक्सऑर्गच्या जागी वेलँड असलं तर आणखी बरं, ती फाईल तिथं कुणी वाचतच नाही, तू रात्रभर बदलत बस.

शेवटी फॉरमॅट. होमचा, म्हणजे आपल्या फाईली असतात त्या फोल्डरचा, बॅकअप घ्यायचा नाही, पेनड्राईव्हवरचे भावकीतल्या लग्नाचे फोटो उडवून त्यावरच नवीन डिस्ट्रो (लिनक्सचाच दुसरा अवतार) टाकायची, आणि ती बसवताना डिस्क पूर्ण पुसू का विचारलं की हो म्हणून चहाला जायचं. परत आल्यावर डेस्कटॉप झकास उठलेला असतो, फक्त वायफाय दिसत नाही, कारण त्या कार्डाचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो आणि तो घ्यायला नेट पाहिजे. मोबाईल केबलनं जोडून टेदरिंग चालू केलं की नेट मिळतं म्हणे, पण तू आपला राजारामपुरीला फोन लाव, उचलतोय का बघ.