नोकरीच्या अंगावर फोड

भावी पाळकहो, सबमिशनची तारीख जवळ आली आहे. घाबरू नका. पदवीच्या वर्गाचे बायबलच्या जुन्या करारावरचे पेपर तपासून मी नुकताच उठलो आहे आणि त्यातून जे ज्ञान गाठीशी आलं, ते तुमच्या चरणी ठेवतो.

विषय सहा आठवडे आधी मिळतो. तो आदल्या रात्री जेवणानंतर वाचावा.

तीन हजार शब्द भरत नसतील तर वचनांचे नुसते संदर्भ देऊ नका, अध्यायच्या अध्याय उतरवा. विषय आहे जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक; त्याचे ४२ अध्याय आहेत, कमी पडायचं नाही.

पहिलीच तळटीप 'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच पुस्तकात', अशी टाका. कुठे 'तत्रैव', हे परीक्षकाने श्रद्धेने मानायचं असतं.

ग्रंथसूचीत शक्यतो जर्मन पुस्तकं असावीत. आपल्या ग्रंथालयात ती नाहीत, हाच त्यांचा मोठा गुण.

उशीर झाला तर 'ताप आला' म्हणू नका, ते जुनं झालं. 'सेवेला गेलो होतो, सर' म्हणा. सेवेच्या आड यायची कुणाची छाती आहे?

आता मुख्य गोष्ट. स्वतः लिहू नका. अप्पा बळवंत चौकात एमपीएससीपासून नर्सिंगपर्यंत सगळ्याची गाइडं मिळतात, पण ईयोबाचं मिळत नाही, ही आपली खरी अडचण. तेव्हा मोबाइलवर एखादा इंग्रजी लेख शोधा, भाषांतराच्या खिडकीत ओता, जे मराठी बाहेर पडेल ते झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून घ्या. मधे कुठेही वाचू नका. वाचलंत तर घात होईल, कारण मग तुम्हाला कळेल की ईयोबाच्या 'जॉब' या इंग्रजी नावाचं यंत्राने 'नोकरी' केलं आहे.

परवा माझ्या हातात तोच पेपर होता. 'नोकरीच्या पुस्तकातील दुःखाचा प्रश्न'. मला वाटलं, हल्लीच्या तरुणांवर काही असेल. पुढे वाचलं: 'नोकरीने एका दिवसात आपली सर्व मुले गमावली.' 'नोकरीच्या अंगावर फोड आले व ती राखेत बसली.' ती! म्हणजे ऊस देशातल्या त्या बिचाऱ्याचे बैल गेले, गाढवं गेली, उंट गेले, सात मुलगे आणि तीन मुली गेल्या, एवढं कमी होतं म्हणून पुण्यात येऊन त्याचं लिंगही गेलं. याच गठ्ठ्यात जुन्या करारातले बारा लघु (इंग्रजीत 'मायनर') संदेष्टे 'अल्पवयीन संदेष्टे' झाले होते. पुस्तकं आखूड म्हणून लघु म्हणायचं, तर हे निघाले सज्ञान व्हायचे! सेनाधीश परमेश्वर, इंग्रजीत 'लॉर्ड ऑफ होस्ट्स', 'यजमानांचा प्रभू' झाला होता, जणू कुणाच्या लग्नाचं आवतण आहे. आणि मार्क या शिष्याच्या नावाचं शुभवर्तमान? 'खुणेचे शुभवर्तमान.' चहा घेतला, चष्मा पुसला, परत वाचलं. खूणच होती.

मी त्या मुलाला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "सर, अर्थ तर पोचला ना?"

नाही पोचला, बाळा. दौंडच्या गाडीत बसलास तर वाटेत केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. का, तर साध्या बायाबापड्यांना शास्त्र त्यांच्या मराठीत वाचता यावं म्हणून. वर्षानुवर्षं बायबलच्या भाषांतराला जुंपून घेतलं आणि १९२२ मध्ये जाण्याआधी ते हातावेगळं केलं. तुला हिब्रू नको शिकूस. लहानपणापासून संडे स्कूलला जातोस, ईयोबाचं नाव तरी ओळखायचं होतंस.

आणि मार्कांचं सोड. उद्या मंडळीतलं कुणी ससूनच्या वॉर्डात मुलाच्या खाटेशी बसलेलं असेल आणि तुला बोलावणं येईल. तिथे खिडकी उघडून काय ओतणार आहेस? ईयोबाचे ते तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तोवर बरे होते. तोंड उघडलं आणि पाठ केलेलं बोलू लागले, तिथे बिघडलं. शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर, ईयोबावर नाही. ४२व्या अध्यायात आहे. तू उतरवलेला दिसतो, वाचलेला दिसत नाही.

सोमवारी सकाळी नऊला पेपर परत हवा. हाताने लिहिलेला, हजारच शब्द, चुका तुझ्या स्वतःच्या. आणि सेवेला गेलो होतो म्हणालास तर बघ.