गायकाच्या मागे कोण वाजवतंय?

सोल संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चगीतांतून आणि ब्लूजमधून घडलेलं गाणं, ऐकायला कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की बहुतेक जण ठरलेली नावं सांगतात. अरीथा फ्रँकलिन, ऑटिस रेडिंग, मार्विन गे, स्टीव्ही वंडर. चांगलीच नावं आहेत. पण मी हल्ली वेगळं सांगतो. आधी बास (खालचे, खर्जातले सूर धरणारी गिटार) कोण वाजवतंय ते बघ, ड्रमवर कोण बसलंय ते बघ. त्या माणसाचं नाव सापडलं की ते घट्ट धरून ठेव आणि तो जिथे जिथे वाजवायला गेला, तिथे तिथे त्याच्या मागे जा. माझ्या आवडीचं निम्मंअधिक संगीत मला असंच मिळालंय, आणि तेही अमेरिकेतल्या डेट्रॉइटपासून सेनेगलमधल्या डकारपर्यंतचं.

डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन घ्या. बेरी गॉर्डीने घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन 1959 मध्ये मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी सुरू केली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या राहत्या घरातच स्टुडिओ होता. टेम्प्टेशन्स, सुप्रीम्स, फोर टॉप्स, मार्विन गे, गायक कुणीही असो, मागे वाजवणारी मंडळी जवळपास तीच: फंक ब्रदर्स. त्यात बासवर जेमर्सन. मूळचा जॅझवाला, उभ्या डबल बासवर हात बसलेला. इलेक्ट्रिक बासच्या तारा तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने छेडायचा. तारा जुन्या झाल्या तरी बदलायचा नाही, त्यामुळे त्याचा आवाज कसा जाड, गोल, थोडा मातकट येतो.

फोर टॉप्सचं 1967 मधलं 'बर्नाडेट' लावा. हेडफोन घालून लावा, मोबाइलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही. फोर टॉप्सचा मुख्य गायक लीव्हाय स्टब्ज जीव तोडून गातोय, आणि खाली जेमर्सन एक ओळ दुसऱ्यांदा जशीच्या तशी वाजवत नाही. कॉर्ड (एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ) बदलायच्या आधीच तो पुढच्या सुराच्या वाटेवर निघालेला असतो, मधल्या सुरांवर ओझरता पाय ठेवत. शेवटाकडे गाणं अचानक थांबतं, क्षणभर सगळं शांत, मग स्टब्ज ते नाव घेऊन हाक मारतो आणि सगळे पुन्हा तुटून पडतात. त्या जागेनंतरचा बास ऐका. गाणं स्टब्जचं आहेच, पण ते उभं कुणाच्या जिवावर आहे हे तिथे कळतं.

आणि या माणसाचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर कधी आलं? 1971 मध्ये, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर शेकडो गाणी घरोघरी वाजली होती आणि वाजवणाऱ्यांची नावं कुठेच नव्हती. पुढच्याच वर्षी कंपनीने मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला आणि डेट्रॉइटची ही टोळी विखुरली. जेमर्सन 1983 मध्ये वारला, वय फक्त 47. मला याचा आजही संताप येतो.

मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत तुलनेने बरी परिस्थिती होती, कारण तिथली कायमची वादकमंडळी, बुकर टी अँड द एमजीज, स्वतःच्या नावानेही रेकॉर्ड काढत. दोन काळे, दोन गोरे, वर्णभेदाने पोखरलेल्या शहरात, एका जुन्या थिएटरमध्ये केलेल्या स्टुडिओत. ऑटिस रेडिंगच्या मागे तेच. त्यांच्यावर वेगळी पोस्ट लिहीन, इथे मावणार नाही.

मला आज बोलायचंय ते स्टेपल सिंगर्स या बाप-लेकरांच्या गायकवृंदाच्या 'आय विल टेक यू देअर'बद्दल, 1972. रेकॉर्ड स्टॅक्सची, पण वादक अलाबामातल्या मसल शोल्सचे: ड्रमवर रॉजर हॉकिन्स, बासवर डेव्हिड हूड, कीबोर्डवर बॅरी बेकेट, गिटारवर जिमी जॉन्सन. चौघेही गोरे. 1969 मध्ये त्यांनी आधीचा स्टुडिओ सोडून शेजारच्या शेफील्ड गावात स्वतःचा थाटला. गाण्यात म्हणायला फक्त दोन कॉर्ड, शब्दही थोडेच. बाकी सगळं ठेक्यावर आणि मुख्य गायिका मेविस स्टेपल्सच्या गळ्यावर. आणि मधेच मेविस काय करते, तर वाजवणाऱ्यांना हाका मारते! पियानो वाजव म्हणते, 'लिटल डेव्हिड' म्हणत हूडला पुढे बोलावते आणि बास एकटा पुढे येतो. बैठकीत गायिका तान संपवून तबलजीकडे वळून 'वा, क्या बात है' म्हणते ना, अगदी तसं. गिटारच्या तुकड्याला ती वडिलांना, पॉप्स स्टेपल्सना हाक मारते. प्रत्यक्षात तो तुकडा वाजवलाय एडी हिंटन नावाच्या स्टुडिओ-वादकाने. म्हणजे ज्या गाण्यात साथीदारांना इतका मान मिळाला, त्यातही एक जण अंधारात राहिलाच. हे कळल्यापासून मी तो तुकडा हिंटनसाठी ऐकतो.

या गाण्याची सुरुवात तरी कुठली? जमैकाची. हॅरी जे ऑल स्टार्सच्या 1969 च्या 'लिक्विडेटर'मधून ती उचललेली आहे. किंग्स्टनचा ठेका अलाबामाच्या पोरांनी वाजवला, शिकागोच्या चर्चमध्ये वाढलेली मेविस त्यावर गायली आणि रेकॉर्ड निघाली मेम्फिसहून. दुकानात याला 'सोल'च्या कप्प्यात ठेवायचं की 'वर्ल्ड'च्या? मला हे कप्पेच मान्य नाहीत. वादकांनी ते कधी पाळलेले नाहीत.

अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमन तर याच मसल शोल्सच्या मंडळींच्या शोधात मसल शोल्सला पोचला आणि 1973 मध्ये त्यांच्यासोबत 'कोडाक्रोम' केलं. आता त्याचा माग धरा. बारा-तेरा वर्षांनी तोच सायमन अशाच शोधात जोहान्सबर्गला गेला आणि 'ग्रेसलँड' हा अल्बम तयार झाला. वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना तो तिथे गेला यावरून मोठा वाद झाला, आणि तो वाद रास्तच होता. पण त्यामुळे रे फिरीची गिटार आणि बकिथी कुमालोचा पडद्यांशिवायचा बास जगाच्या कानावर पडला हेही खरं. 'यू कॅन कॉल मी अल'मध्ये जो बासचा झपकन येणारा तुकडा आहे, त्याचा पुढचा अर्धा भाग म्हणजे आधीचा अर्धा भाग उलटा फिरवलेला आहे. मला त्याहून जास्त आवडतं ते कुमालोचं दोन सुरांमध्ये मींड घेतल्यासारखं सरकणं. ते आवडलं तर सायमनला तिथेच सोडा आणि फिरीच्या स्टिमेला बँडकडे जा.

डकारला मी पोचलो तेही गिटारच्या नादाने. ऑर्केस्ट्रा बाओबाब, 1970 मध्ये तिथल्या बाओबाब क्लबसाठी जमवलेला बँड. क्यूबन नाचाचं संगीत आणि सेनेगलची गाणी एकाच श्वासात. गिटारवादक बार्थेलेमी अतिसो मूळचा टोगोचा, डकारला कायदा शिकायला आलेला. गिटार तो तिथे येऊन शिकला! 1982 मध्ये ध्वनिमुद्रित झालेला 'पायरेट्स चॉइस' ऐकलात तर त्याचा हात लगेच ओळखाल. घाई अजिबात नाही, प्रत्येक सूर पूर्ण वाजू देतो, आणि गायक थांबला की एक लांब, चमकता सूर काढून शांतपणे वर चढत जातो. ऐंशीच्या दशकात बँड बंद पडला, अतिसो टोगोला परत जाऊन वकिली करू लागला आणि गिटार ठेवून दिली. 2001 मध्ये मंडळी पुन्हा जमली, सेनेगलचा प्रसिद्ध गायक यूसू नदूर त्यासाठी खटपट करणाऱ्यांपैकी एक होता. 2002 च्या 'स्पेशालिस्ट इन ऑल स्टाइल्स'मध्ये अतिसोची गिटार ऐकताना इतक्या वर्षांचा खंड जाणवतसुद्धा नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, परदेशातल्या वादकांचं एवढं कौतुक कशाला? तर हाच अन्याय आपल्या दारातही झालाय. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकलेली माणसं मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद त्यांनी उभा केला. शंकर-जयकिशनच्या त्या भरगच्च व्हायोलिनच्या लाटा कागदावर उतरवणारा सेबॅस्टियन डिसोझा किती जणांना माहीत आहे? सी. रामचंद्र म्हणजे आपले अण्णा चितळकर, त्यांच्या संगीतात ट्रम्पेट घेऊन उभा असलेला आल्दोनचा चिक चॉकलेट? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू, आणि शिष्याने 1977 मध्ये त्यांचं नाव एका गाण्यात गुंफलं म्हणून निदान ते नाव तरी उरलं. तबकड्यांवर गायक, संगीतकार, गीतकार एवढीच नावं. आमच्याकडे मैफलीत तबल्याला कोण, पेटीला कोण, तंबोऱ्यावर कोण हे निवेदक नाव घेऊन सांगतो, मग सिनेमाच्या गाण्यालाच हा नियम का नव्हता?

आणि आता तर ज्या ॲपवर आपण ऐकतो, तिथे जुन्या गाण्यांच्या वादकांची नावं बहुतेकदा सापडतच नाहीत. ॲप सुचवतं तेही 'याच्यासारखा दुसरा गायक'. जेमर्सनच्या बोटावरून दुसऱ्या गाण्याकडे जाण्याची सोय क्वचितच असते. जुनी रेकॉर्ड मिळाली तर तिची मागची बाजू वाचा, पुनर्प्रकाशित सीडीतली पुस्तिका वाचा. नाव मिळालं की लिहून ठेवा आणि पुढच्या माणसाला सांगा.

या पोस्टखाली मला एकच हवंय. तुमचे आजोबा, काका, शेजारी, कुणी मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोलिन, सॅक्सोफोन, अकॉर्डियन, ढोलकी, काहीही वाजवत असतील, तर घरच्यांना विचारून ते कोणत्या गाण्यात आहेत ते इथे लिहा. आणि गाण्यात नेमकं कुठे कान द्यायचा तेही लिहा, पहिल्या कडव्याआधी की मधल्या तुकड्यात. मी प्रत्येक गाणं लावून ऐकणार आहे.