टीव्हीच्या पैशापुढे नकाशाही गुंडाळला

अमेरिकेत पुन्हा कोणतं तरी कॉलेज कॉन्फरन्स, म्हणजे आपापसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, बदलणार अशी कुजबुज सुरू झाली की डोकंच सणकतं. पॅसिफिक किनाऱ्यावरचं स्टॅनफर्ड २०२४ पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतंय, तेही टीव्हीच्या पैशातला कमी वाटा मुकाट्यानं कबूल करून! फॉक्स, सीबीएस, एनबीसी या टीव्ही कंपन्यांनी बिग टेन कॉन्फरन्सला सामने दाखवण्याच्या हक्कांपोटी ७ वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून जास्त मोजले. मग पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅक-१२ कॉन्फरन्सची शंभरावर वर्षांची परंपरा मोडली तर कुणाला काय त्याचं? तिथं मागे उरलेल्या ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या कॉलेजांना कुणी विचारलंसुद्धा नाही. ओक्लाहोमा एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलं आणि ओक्लाहोमा स्टेटशी दरवर्षीची अमेरिकन फुटबॉलची लढत २०२३ नंतर बंद. एकाच राज्यातले शेजारी हो!

फुटबॉलवाले निदान आठवड्याला एकच सामना खेळतात. भरडल्या जातात त्या व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुली. आता बिग टेनमध्ये असलेल्या यूसीएलए कॉलेजच्या पोरींनी लॉस एंजेलिसहून पार दुसऱ्या टोकाला न्यू जर्सीत रटगर्स कॉलेजशी खेळायला जायचं, घड्याळ तीन तास पुढे, परत येऊन अर्धवट झोपेत वर्ग नाहीतर परीक्षा. त्यांच्या सामन्यांसाठी कुणी अब्जावधी मोजले नव्हते. पोरांना पैसे द्यायचा विषय निघाला की इतकी वर्षं कॉलेजचे खेळ चालवणारे हेच लोक सांगायचे, ते आधी विद्यार्थी आहेत. मग बसू द्या ना त्यांना वर्गात!